‘मनातले वाक्य’ तपासणारा इंग्रजीचा वर्ग : तीन महिन्यांनंतरचा अभिप्राय

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका शाळेच्या वर्गखोलीत दर शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी नोकरदारांसाठी आणि गृहिणींसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा असून त्यात दीड-दीड तासाच्या २४ तासिका होतात आणि शुल्क ६,५०० रुपये आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मी तो पूर्ण केला. वर्गाचे नाव येथे दिलेले नाही, कारण त्याच्या उणिवांविषयीही मला मोकळेपणाने लिहायचे आहे. शिवाय ठाण्यापासून कल्याणपर्यंत असे वर्ग गल्लोगल्ली आहेत, तेव्हा कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी तेथे नेमके काय पाहून घ्यावे हे वाचकांना कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस मेल इंग्रजीतून लिहिते. माझे शिक्षण सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत झाले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होत असे. वाचलेले समजते, बोललेलेही बहुतेक समजते, पण स्वतः लिहायला बसले की वाक्य कोठेतरी अडखळते आणि ते नेमके कोठे अडखळले हे मात्र कळत नाही, अशी माझी गेली वीस वर्षे स्थिती होती. यापूर्वी मी दोन वर्गांना जाऊन आले होते. एका ठिकाणी ठरावीक वाक्ये पाठ करून घेत, तर दुसऱ्या ठिकाणी काळांचे तक्ते फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यायला सांगत. बाराही काळांची नावे मला तेव्हा तोंडपाठ होती आणि तरीही रोजच्या मेलमधल्या चुका जिथल्या तिथे होत्या. चूक झाली आहे एवढे दोन्हीकडे सांगितले गेले. तीच चूक माझ्या हातून पुन्हापुन्हा का होते, हे कोणी सांगितले नाही. या वर्गाने ते सांगितले, आणि माझ्या मते साडेसहा हजार रुपये द्यायचे ते त्यासाठीच.

वर्ग चालवणाऱ्या मॅडम माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. पहिल्याच दिवशी त्या प्रत्येकाला दोनशे पानी वही आणायला सांगतात आणि पानावर तीन रकाने आखून घेतात. डाव्या रकान्यात आपण लिहिलेले इंग्रजी वाक्य जसेच्या तसे, चुकीसकट लिहायचे. मधल्या रकान्यात ते लिहिताना मनात असलेले मराठी वाक्य लिहायचे, आणि तेही आपण बोलतो तसेच, पुस्तकी करून नव्हे. उजव्या रकान्यात दुरुस्त वाक्य येते. मधल्या रकान्याला त्या ‘मनातलं वाक्य’ म्हणतात. वही तपासताना त्यांची पेन्सिल आधी या मधल्या रकान्यावर थांबते, ज्या मराठी शब्दाने किंवा प्रत्ययाने इंग्रजी वाक्याला आपल्याकडे ओढले असेल त्याखाली त्या रेघ मारतात, आणि मग उजवा रकाना विद्यार्थ्याने स्वतः भरायचा असतो. लाल शाई त्या वापरत नाहीत.

माझ्या वहीतले पहिलेच वाक्य एका जुन्या ग्राहकाला पाठवलेल्या मेलमधले होते : ‘वी आर डुइंग बिझनेस विथ यू सिन्स टेन इयर्स.’ मॅडमनी विचारले, “लिहिताना मनात काय होतं?” मी मधल्या रकान्यात लिहिले, ‘आम्ही तुमच्याबरोबर दहा वर्षांपासून व्यवहार करतोय.’ त्यांनी ‘पासून’ आणि ‘करतोय’ या दोन शब्दांखाली रेघा मारल्या. मराठीत ‘२०१४पासून’ म्हणताना आपण सुरुवातीचा बिंदू सांगतो आणि ‘दहा वर्षांपासून’ म्हणताना कालावधी सांगतो, पण दोन्हींसाठी ‘पासून’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीने हे काम दोघांत वाटून दिले आहे : बिंदू असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. ‘करतोय’चे दुखणे याहून खोल आहे. पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट मराठीत सरळ वर्तमानकाळात सांगता येते आणि त्यात काहीही गैर नाही. इंग्रजीला मात्र तेथे मागच्या काळाशी जोडणारे ‘हॅव बीन डुइंग’ हवे असते. शाळेत हा काळ मी ‘पूर्ण चालू वर्तमानकाळ’ या नावाने शिकले होते, परीक्षेत लिहिलाही होता, पण ज्या वाक्यासाठी तो लागतो ते वाक्य माझ्या मनात साध्या ‘करतोय’च्या रूपात उमटत असल्यामुळे त्याची आठवण वेळेवर कधी झालीच नव्हती. हे समजायला त्या दिवशी पाच मिनिटे लागली.

दुसऱ्या आठवड्यात भूतकाळाचा नकार आला. वर्गातील निम्म्याहून अधिक जणांनी ‘आय डिडन्ट वेंट’ असे लिहिले होते, आणि त्यांत कॉमर्सचे पदवीधर होते. येथेही मॅडमनी नियम आधी सांगितला नाही; फळ्यावर ‘मी गेलो’ लिहिले आणि त्याच्या पुढे ‘नाही’ जोडले. मराठीत ‘गेलो’ हे रूप नकारातही तसेच राहते, भूतकाळ त्याच्याच अंगावर असतो आणि ‘नाही’ नुसते शेजारी येऊन उभे राहते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतो, म्हणून क्रियापदाने तो खाली ठेवायचा आणि ‘गो’ म्हणून मोकळे व्हायचे. भार एकानेच उचलायचा, ही त्यांची मांडणी मला आजवर भेटलेल्या कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा स्वच्छ वाटली.

कार्यालयात लिहिणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी ठरलेली तासिका ‘काल पाठवले आहे’ या वाक्यावर होती. ‘आय हॅव सेंट द इनव्हॉइस यस्टर्डे’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. मराठीत ‘बिल काल पाठवले आहे’ हे निर्दोष आहे; पाठवल्याची वेळ आणि त्याचा आजचा परिणाम या दोन्ही गोष्टी आपण एका वाक्यात सुखाने ठेवतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’सारखी संपलेली वेळ उच्चारली की ‘हॅव’ला जागा उरत नाही. एकतर काल म्हणा आणि साधा भूतकाळ वापरा, नाहीतर काल गाळा. हा नियम ऐकल्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका भगिनींनी तेथल्या तेथे मोबाइल काढून त्या दिवशी पाठवलेले मेल वाचून पाहिले. पहिल्याच मेलमध्ये ते वाक्य होते.

जोडवाक्यांविषयीची चर्चा मला विशेष आवडली, कारण तिच्यामुळे मराठीकडेही नव्याने लक्ष गेले. आपली भाषा वाक्ये जोडताना शब्दांच्या जोड्या वापरते : जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे. जोडीतला एक शब्द आला की कान दुसऱ्याची वाटच पाहत असतो. त्यामुळे ‘जरी तो हुशार असला, तरी आळशी आहे’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘दो’ लिहून झाल्यावर हात आपोआप ‘बट’कडे जातो. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांचेही तसेच. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्याच्या मध्यावर ‘सो’ येतोच. इंग्रजीचे अशा ठिकाणी एका शब्दावर भागते. मॅडमनी आम्हाला कानडी, हिंदी अशा ओळखीच्या भाषांतली वाक्ये आठवायला सांगितली असती तर चर्चा आणखी रंगली असती असे वाटले, पण वेळेअभावी त्या पुढे गेल्या.

मनातले वाक्य दर वेळी पाय ओढते असेही नाही. ‘इफ इट विल रेन’ ही चूक घ्या. पाऊस पुढे पडायचा आहे, म्हणून ‘विल’ हवा असे वाटते. मॅडमनी मधला रकाना भरायला लावला तेव्हा सगळ्यांनी लिहिले, ‘पाऊस आला तर’. म्हणजे भविष्यातल्या गोष्टीसाठी मराठी चक्क भूतकाळाचे रूप वापरते. ‘पाऊस येईल तर’ असे सहसा कोणी म्हणत नाही. “अहो, आपली भाषाही तिथे भविष्यकाळ वापरत नाही, मग इंग्रजीत ‘विल’ कशाला घालता?” हा त्यांचा प्रश्न ऐकल्यानंतर ती चूक माझ्याकडून पुन्हा झालेली नाही. याच भूतकाळाची दुसरी एक लकब वर्गात प्रत्यक्ष पाहायला मिळाली. कुरिअर कंपनीत काम करणारा एक मुलगा एकदा उशिरा आला. मॅडमनी फोन करून इंग्रजीत कोठे आहेस असे विचारले, तर जिना चढता चढता तो म्हणाला, ‘आय केम, आय केम.’ कोणी हसायच्या आत मॅडमनी फळ्यावर ‘आलोच!’ असे लिहिले. आपण पोहोचण्याआधीच आल्याचे सांगतो, कारण त्या ‘आलोच’मध्ये समोरच्याला दिलासा असतो, इंग्रजीत तोच दिलासा ‘आय ॲम कमिंग’ असा द्यावा लागतो. तो मुलगा त्यानंतर एकाही तासिकेला गैरहजर राहिला नाही.

शब्दांच्या निवडीसाठी सहा तासिका आहेत आणि अभ्यासक्रमाचा हा भाग मला सर्वांत समृद्ध वाटला. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत नेमके उलट आहे : तेथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो. देणे आणि घेणे या शब्दांचे अर्थ दोन्ही भाषांत तेच आहेत, पण परीक्षेकडे पाहण्याची बाजू बदलली आहे. आपल्याकडे उत्तरे देणारा देतो, त्यांच्याकडे प्रश्नपत्रिका देणारा देतो. म्हणून ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ हे वाक्य भारतात सगळ्यांना कळते, पण बाहेरच्या माणसाला क्षणभर आपण परीक्षक होतो असे वाटू शकते. एकदा हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले की पाठांतराची गरज उरत नाही.

‘शंका’ या शब्दाने मला स्वतःला एकदा चांगलेच अडचणीत आणले होते, म्हणून ती तासिका मी कान देऊन ऐकली. काही वर्षांपूर्वी परदेशातील एका ग्राहकाने भरलेल्या रकमेतला तपशील मला समजला नव्हता. मी लिहिले, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट.’ उत्तरादाखल त्यांनी बँकेची कागदपत्रे जोडून, आम्ही पैसे वेळेवर भरले आहेत, असे काहीशा दुखावलेल्या सुरात कळवले. मला फक्त विचारायचे होते. मराठीत शंका विचारता येते आणि शंका घेताही येते. वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणणारा मुलगा सरांवर अविश्वास दाखवत नसतो. इंग्रजीतील ‘डाउट’ मात्र शंका घेण्याच्या बाजूला झुकलेला आहे, आणि विचारायचे असेल तेव्हा ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द पुरतो. ती तासिका मला त्या मेलच्या आधी मिळायला हवी होती, ही हळहळ अजून आहे.

‘च’ या एका अक्षरासाठीही अर्धा तास दिला गेला आणि तो सत्कारणी लागला. ‘मी इथेच राहते’, ‘कालच सांगितले’, ‘तोच म्हणाला’ या सगळ्या ‘च’चे आपण ‘ओन्ली’ करून टाकतो आणि ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ असे म्हणतो. इंग्रजीत हा जोर बहुधा आवाजाने दिला जातो, कधी ‘राइट हिअर’सारख्या शब्दाने, तर कधी वाक्याची मांडणी बदलून. लिहिताना मात्र पुष्कळदा तो ‘च’ सोडूनच द्यावा लागतो. मराठी माणसाला ते जड जाते, मलाही जाते.

शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय यांचा भाग त्यामानाने घाईत उरकला गेला. ‘तो माझ्यावर रागावला’ यातील ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन मी’ होते आणि तेथे ‘विथ’ हवा. ‘तिच्याशी लग्न केले’ यातील ‘शी’मुळे ‘गॉट मॅरीड विथ’ होते आणि तेथे ‘गॉट मॅरीड टू’ हवे. ‘त्याविषयी चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येतो आणि तो मुळात नकोच असतो. ‘पेनने लिहिले’ आणि ‘त्याने लिहिले’ यांतला ‘ने’ एकच असला तरी इंग्रजीत पहिल्यासाठी ‘विथ’ लागतो. अशा प्रत्येक प्रत्ययाचा एकेक तास होऊ शकला असता. तसेच ‘करणे’चे ‘डू’ आणि ‘मेक’, ‘बंद करणे’चे ‘क्लोज’ आणि ‘स्विच ऑफ’, ‘सांगणे’चे ‘से’ आणि ‘टेल’ या जोड्या एका छापील कागदावर देऊन मोकळे झाले. छापील साहित्य एकूण साठेक पानांचे आहे, झेरॉक्स प्रत असल्याने काही पाने पुसट निघाली आहेत, आणि शुल्कात ते समाविष्ट असले तरी पुढच्या तुकडीसाठी ते नव्याने टाइप करून घ्यावे.

एका मुद्द्यावर माझे मॅडमशी मतभेद झाले आणि ते शेवटपर्यंत राहिले. ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘डू द नीडफुल’ हे शब्दप्रयोग त्या ‘आय डिडन्ट वेंट’च्या रांगेत बसवतात. मला ते पटत नाही. ‘प्रीपोन’ हा शब्द शब्दकोशांनी भारतीय इंग्रजीतला म्हणून नोंदवला आहे. बैठक अलीकडे घेतल्याचे सांगण्यासाठी तो नेमका आहे आणि माझ्या कार्यालयात तो कोणालाही अडत नाही. ‘डू द नीडफुल’ हा जुन्या कचेरीतल्या ब्रिटिश इंग्रजीचा अवशेष आहे. आज तो जुनाट वाटतो म्हणून टाळावा हे योग्य, पण त्याला अशुद्ध म्हणणे योग्य नाही. आणि ज्या भाषेत चुलत, मावस, आते आणि मामे अशी चार प्रकारची भावंडे आहेत, त्या भाषेतल्या माणसाने ‘कझिन’पुढे निदान भाऊ की बहीण हे सांगावे, यात मला गरज दिसते, अज्ञान दिसत नाही. परदेशी ग्राहकाला लिहिताना हे शब्द टाळायला शिकवावे, जरूर शिकवावे, पण व्याकरण मोडणे आणि आपल्या देशातला रूढ शब्द वापरणे यांत फरक आहे हे विद्यार्थ्यांना कळले नाही, तर ते प्रत्येक शब्दाला भिऊ लागतात. आमच्या तुकडीतल्या एक-दोघांचे तसे होताना मी पाहिले.

भीतीवरून आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. मार्चमध्ये मॅडम दोन आठवडे येऊ शकल्या नाहीत आणि त्या चार तासिका एका बदली शिक्षकांनी घेतल्या. त्यांनी वह्या गोळा केल्या आणि डाव्या रकान्यातली वाक्ये नाव घेऊन मोठ्याने वाचून दाखवली. मधल्या रकान्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत दोन वाक्ये बोलता यावीत एवढ्यासाठी आलेल्या एका ताई त्यानंतर दोन आठवडे वर्गाला फिरकल्या नाहीत. मी आणि बँकेतल्या भगिनी त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत घेऊन आलो. ज्या वर्गाचे सगळे बळ चुकीकडे आदराने पाहण्यात आहे, त्या वर्गाने बदली शिक्षक नेमताना त्याला ती रीत आधी समजावून द्यायला हवी होती. मॅडम परत आल्यावर मी हे त्यांच्या कानावर घातले. त्यांनी त्या ताईंची सर्वांसमोर क्षमा मागितली, याची नोंद करणेही तितकेच आवश्यक आहे.

आमच्या तुकडीत आरंभी अठरा जण होते आणि मार्चअखेर ती संख्या सव्वीसवर गेली. अठरा वह्या दीड तासात तपासून होत, सव्वीस होत नसत. शेवटच्या महिन्यात माझी वही आठवड्यातून एकदाच पाहिली गेली. ही पद्धत वहीवर उभी असल्यामुळे वीसपेक्षा जास्त विद्यार्थी घेणे म्हणजे शुल्क तेवढेच ठेवून सेवा कमी करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐकण्याचा सराव तर जवळजवळ नाहीच. तीन महिन्यांत दोनदा ध्वनिफीत ऐकवली गेली. मराठीत ‘व’ एकच असल्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतला फरक आपल्या कानाला लवकर उमगत नाही, ओठांना तर त्याहून उशिरा. अशा गोष्टी वही तपासून सुधारत नाहीत. ज्यांना मुलाखतीसाठी किंवा फोनवरील कामासाठी इंग्रजी हवे आहे त्यांनी केवळ या वर्गावर विसंबू नये.

तुकडीत दोन पिढ्या होत्या, हे मला उद्बोधक वाटले. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्यानंतर शाळेत गेलेली मुले आणि माझ्यासारखी पाचवीत एबीसीडी गिरवलेली माणसे शेजारी बसत होती. मुले धिटाईने बोलत, त्यांचा शब्दसंग्रह मोठा होता, स्पेलिंग आमच्यापेक्षा कच्चे होते. मधला रकाना मात्र दोघांचाही सारखाच निघे. ‘सिन्स टेन इयर्स’ त्यांनीही लिहिले होते आणि मीही.

या पद्धतीची खरी परीक्षा ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तीन शब्दांपाशी झाली, आणि तेथे ती माझ्या मते कमी पडली. मराठीत यांच्यासारखे स्वतंत्र शब्दच नाहीत. मनातल्या वाक्यात रेघ मारायला काहीच सापडत नाही म्हटल्यावर मॅडमनी नियमांची यादी दिली आणि पाठ करायला सांगितली. त्यातला उच्चाराचा नियम त्यांनी उत्तम शिकवला : अक्षर न पाहता ध्वनी ऐकायचा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ पण ‘ॲन अवर’, ‘अ मॅनेजर’ पण ‘ॲन एमबीए’. परंतु ‘द’ केव्हा लावायचा आणि केव्हा नाही, हे दोन तासिकांनंतरही वर्गातल्या कोणाला सांगता येत नव्हते, मलाही नाही. ‘आय ॲम अकाउंटंट’ असे लिहून ‘अ’ की ‘ॲन’ ते पुढे ठरवू म्हणून जागा मोकळी सोडण्याची सवय काहींना लागली.

वर्ग संपल्यानंतर एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, “अगं, आम्ही मुलीसाठी मुलगा शोधतोय.” त्याच आठवड्यात खालच्या मैदानावर एक बाई घाबऱ्याघुबऱ्या फिरत होत्या आणि कोणीतरी सांगितले, “त्या मुलाला शोधतायत.” पहिल्या वाक्यातला मुलगा अजून ठरलेला नाही, तो कोणीही असू शकतो. दुसऱ्या वाक्यातला मुलगा एकच आहे, आईला तो पक्का ठाऊक आहे आणि सुदैवाने तो पाच मिनिटांत सापडलाही. ‘मुलगा’ आणि ‘मुलाला’ यांच्यामध्ये जो एक ‘ला’ आहे, तोच फरक इंग्रजी ‘अ बॉय’ आणि ‘द बॉय’ असा दाखवते. म्हणजे ठरलेले आणि न ठरलेले यांतला भेद आपल्या भाषेतही आहे. फक्त तो सगळीकडे दिसत नाही, निर्जीव वस्तूंच्या बाबतीत तर क्वचितच. ‘एक माणूस आला होता, तो माणूस पुन्हा आला’ यातले ‘एक’ आणि ‘तो’ हेही त्याच कामाला लागलेले आहेत. मधला रकाना तेथे रिकामा नव्हता. आम्ही रेघ मारायची जागा शोधली नव्हती.

जूनमध्ये याच वर्गाचा पुढील टप्पा सुरू होत आहे. त्याचे शुल्क ४,००० रुपये आहे आणि तुकडी वीस जणांचीच ठेवू असे मॅडमनी मला सांगितले आहे. त्या शब्दावर मी नाव नोंदवले आहे. वहीचे नवे पहिले पान मी घरीच आखून ठेवले असून त्याच्या मधल्या रकान्यात काकूंचे वाक्य आणि त्याखाली मैदानावरचे वाक्य लिहिले आहे. उजवा रकाना मॅडमबरोबर बसून भरायचा आहे.